काकांची गाडी आणि आपण डॉक्टर मंडळी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, की यंदा दवाखान्याबाहेरचे काहीतरी लिहावे. आजवर या पानांतून मी लसीकरण, बालदमा, मुलांचा वाढता स्थूलपणा अशाच विषयांवर लिहीत आले. या वर्षी एका मोटारगाडीच्या खरेदीविषयी लिहिणार आहे. विषय वाचून काही सहकारी हसतील, याची मला कल्पना आहे. परंतु या खरेदीच्या निमित्ताने मला माझ्याच वागण्यातील दोन चुका दिसल्या. दोन्ही चुका मी डॉक्टर म्हणून केल्या होत्या, आणि त्या करणारी मी एकटीच नसावे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

माझे सख्खे काका वयाने एकोणऐंशीचे. वीज मंडळातील अभियंता म्हणून निवृत्त झाले त्याला आता एकवीस वर्षे झाली. इंदूरच्या लोकमान्य नगरात त्यांचे स्वतःचे घर आहे. काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खुब्याचे सांधारोपण झाले. एकुलते एक चिरंजीव अमेरिकेत. उभयतांची प्रकृती वयाच्या मानाने बरी, वृत्ती स्वावलंबी आणि कोणाला त्रास द्यायचा नाही हा हट्ट तर दोघांचाही सारखाच. २०११ साली घेतलेल्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होत आली, तेव्हा काकांनी जाहीर केले, ‘आता ही शेवटची गाडी घेणार, आणि सेडानच घेणार.’

सेडान म्हणजे मागे स्वतंत्र डिक्की असलेली, बसक्या बांध्याची चार दारांची गाडी. आमच्या पिढीच्या लहानपणी ‘गाडी’ म्हटले की हाच आकार डोळ्यांसमोर येई. फियाट काय किंवा अँबॅसडर काय, पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे सामान, अशी तिची सरळ विभागणी असे. काकांची पहिली गाडी म्हणजे जुनी घेतलेली फियाट. तिचा गिअर सुकाणूच्या दांड्यालाच असे, आणि तिच्यातून आम्ही सहा-सात भावंडे मांडवगडाला गेल्याचे मला लख्ख आठवते. त्या आकाराचे दिवस आता मागे पडले आहेत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मागच्या आसनावरील ऐसपैस जागेसाठी नावाजलेली मारुतीची सियाझही २०२५ साली बंद झाली. रस्त्यावर उंच, दणकट दिसणाऱ्या एसयूव्ही गाड्यांचे राज्य आहे.

साहजिकच सर्वांचा सल्ला एकच पडला. ‘या वयात बसकी गाडी कशाला? उंच गाडी घ्या, वाकावे लागत नाही.’ अमेरिकेतल्या चुलतभावाचे हेच मत, माझे हेच मत आणि शेजाऱ्यांचेही हेच. एका रविवारी मी काकांच्या दिवाणखान्यात बसून भावाशी दूरध्वनीवर सविस्तर चर्चा केली. गाडीची उंची, एअरबॅगा, रंग, चालक ठेवायचा की नाही, सारे काही झाले. चाळीस मिनिटांनी काकांनी हातातील वर्तमानपत्राची घडी केली आणि शांतपणे म्हणाले, ‘झाली का तुमची पालकसभा? पेशंट इथे बसलाय. त्यालाही काही विचारायचं असेल तर विचारा.’

ही माझी पहिली चूक. बालरोगतज्ज्ञाची सवयच अशी, की रुग्णाविषयीचे प्रश्न रुग्णाला न विचारता त्याच्या आईला विचारायचे. तान्हे मूल बोलत नाही, म्हणून ते योग्यही आहे. परंतु सात-आठ वर्षांचे मूल समोर असेल तर आधी त्यालाच विचारा, त्याचे पोट नेमके कुठे दुखते ते आईपेक्षा त्याला अधिक ठाऊक असते, असे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हा आमच्या शाखेचा पहिला धडा. वृद्ध माणूस म्हणजे मोठ्या आकाराचे मूल नव्हे, हा दुसरा धडा मला एकोणऐंशी वर्षांच्या अभियंत्याने शिकवला.

मग मी रीतसर रुग्णेतिहास घ्यायला बसले. गाडी कोण वापरणार? दोघेच. कशासाठी? बँक, भाजी, देवदर्शन, साहित्य सभेतील एखादे व्याख्यान, महिन्यातून दोनदा काकूंची तपासणी. वर्षातून एकदा बिजासन घाट उतरून नाशिकला काकूंच्या माहेरी. सेडानच का? याचे उत्तर काकूंनी दिले आणि तिथे माझा पूर्वग्रह ढासळला. काकूंची उंची चार फूट दहा इंच. भाच्याच्या उंच गाडीत बसायचे तर त्यांना आधी एक पाय पायरीसारखा वर ठेवावा लागतो, मग दार धरून सारे शरीर वर ओढावे लागते, आणि उतरताना पाय जमिनीला लागण्यापूर्वी क्षणभर अधांतरी राहावे लागते. ‘चढताना भीती नाही गं वाटत, उतरताना वाटते,’ असे त्या म्हणाल्या. शिवाय उंच गाडी वळणावर अधिक डोलते, घाटात त्यांना मळमळते. काकांचे कारण वेगळे होते. वॉकर, पिशव्या, नाशिकहून येणारी द्राक्षांची पेटी हे सारे माणसांपासून वेगळे, डिक्कीत बंद राहावे. अचानक ब्रेक लागला तर वॉकर मागच्या माणसाच्या डोक्यावर येऊ नये, हा त्यांचा अभियंत्याचा विचार होता.

इथे एका शब्दाची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन माणसांनी दांड्यांवर उचलून न्यायच्या बंदिस्त खुर्चीला ‘सेडान चेअर’ म्हणत. १६३४ साली लंडनमध्ये अशा खुर्च्या भाड्याने चालवण्याचा परवाना दिला गेला. मोटारीचे नाव त्यावरूनच आले, असे बहुतेकांचे मत आहे. आपल्याकडचा मेणा तो हाच. मेण्याची खरी सोय त्याच्या चालण्यात किती होती कोण जाणे, पण तो बसणाऱ्यासाठी जमिनीवर टेकवला जाई, उठताना पुन्हा टेकवला जाई. आजची गाडी आपल्यासाठी खाली येत नाही आणि वरही जात नाही. म्हणून वृद्धांसाठी गाडी निवडताना रस्त्यावरील आरामाच्या आधी दारातला आराम पाहावा, असे माझे ठाम मत झाले आहे. धावत्या गाडीत सारेच बसून असतात. कस लागतो तो आत शिरताना आणि बाहेर पडताना.

हा आराम मोजता येतो. काकांनी कपाटातून आपली जुनी पोलादी टेप काढली. खुर्चीवर ताठ बसवून गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर घेतले. काकांचे भरले ४४ सेंटीमीटर, काकूंचे ३८. आसनाची कड या मापाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक उंचीवर असेल, तर माणूस न चढता, न पडता ‘बसतो’. कड फार खाली असेल तर गुडघे खुब्यांच्या वर जातात. ज्यांचा खुबा बदलला आहे त्यांना खुबा काटकोनापलीकडे न वाकवण्याची सूचना बहुधा दिलेली असते, आणि ज्यांच्या गुडघ्यांची झीज झाली आहे त्यांना त्या स्थितीतून उठणे सर्वांत अवघड जाते. उलट कड फार वर असेल तर बुटक्या माणसाचे पाय बसण्याआधीच जमिनीवरून सुटतात. याचा अर्थ सेडान सर्वांनाच बरी असा मुळीच नाही. सहा फूट उंचीच्या, वजनदार, दोन्ही गुडघे झिजलेल्या गृहस्थांना मी उंच गाडीच सुचवीन. सांगायचे एवढेच, की ‘म्हाताऱ्या माणसांना उंच गाडी’ हे सरसकट औषध आहे, आणि सरसकट औषधाविषयी आपण रुग्णांना काय सांगतो ते आपल्याला ठाऊक आहे.

टेप घेऊन आम्ही तिघे तीन विक्रीदालनांत गेलो. सर्वत्र अनुभव थोड्याफार फरकाने एकच. तरुण विक्रेता माझ्याशी बोले, काकांकडे पाहून ‘अंकल’ म्हणून हसे आणि छतातील सरकती काच, मोठा पडदा, आसनाखालून येणारा गार वारा यांचे वर्णन करी. काकू मात्र तडक मागचे दार उघडत आणि पाठ गाडीकडे करून आधी बसत, मग दोन्ही पाय एकत्र आत घेत. शस्त्रक्रियेनंतर व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना ही रीत शिकवली होती. सहकारी मित्रांनी आपल्या वयस्क रुग्णांना ती अवश्य शिकवावी. आसनाचे कापड पायांना अडवत असेल तर बसण्यापुरता प्लास्टिकचा गुळगुळीत कागद खाली घ्यावा, म्हणजे अंग सहज फिरते. गाडी निघण्यापूर्वी तो काढून टाकायला मात्र विसरू नये.

या बसण्या-उठण्यातून जे दिसले ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते. दाराचा उंबरठा किती रुंद आहे? तो रुंद असेल तर पाय बाहेर टेकायला आसनाच्या कडेवर बरेच पुढे सरकावे लागते. दार किती उघडते? छताची कड मागे उतरती असेल तर गाडी दिसायला देखणी असते, पण शिरताना डोके आपटते. एका गाडीत काकांना दोनदा लागले. आसनाची खोली जास्त असेल तर बुटक्या माणसाच्या पोटऱ्यांना कड रुतते आणि पाठ टेकत नाही. दारावरची मूठ हाताला येते का? काकू उठताना उघड्या दारालाच लोंबकळत, ते दार हलते आणि तोल जातो, हे तिथेच ध्यानात आले. सुरक्षापट्ट्याचे कुलूप संधिवात झालेल्या बोटांना दिसते, सापडते आणि दाबता येते का? आणि गारव्याचे, आवाजाचे नियंत्रण बटणांवर आहे की सारे काही पडद्यावर? चाळिशीनंतर जवळचे अंधूक होते आणि चष्मा दूरचा लावलेला असतो. चालत्या गाडीत पडद्यावरचे बारीक चित्र शोधणे हा वृद्धाशी केलेला अन्यायच म्हणायचा.

काकूंनी एक युक्ती सुचवली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. दालनातील फरशी सपाट असते. आपल्या फाटकापाशी रस्ता गटाराच्या बाजूला उतरता असतो. म्हणून चाचणीची गाडी आम्ही घरी आणली, नेहमीच्या जागी उभी केली आणि काकू तिथे तीनदा बसल्या-उतरल्या. दालनात पसंत पडलेली एक गाडी इथे बाद झाली. नंतर नेहमीच्या वाटेने, सारे गतिरोधक घेत, राजवाड्याच्या गर्दीतून चक्कर मारली. काकू वीस मिनिटे मागे गप्प बसून होत्या. कोणी काही बोलू नये, पाठ काय म्हणते ते ऐकायचे आहे, असे त्यांनी आधीच बजावले होते.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगते. बाजारात सेडानचे दोन वर्ग आहेत. चार मीटरच्या आतील डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर या एका वर्गात. साडेचार मीटरच्या आसपासच्या सिटी, वेर्ना, स्लाविया, व्हर्टस दुसऱ्या वर्गात. ही चार मीटरची रेघ २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांना दिलेल्या करसवलतीतून आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के आणि मोठ्या गाडीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. लांब गाडीत मागे पाय पसरायला अधिक जागा मिळते आणि खड्ड्यांवरून ती सहसा अधिक शांत जाते. पण जुन्या वस्तीच्या गल्लीत वळवताना आणि फाटकातून मागे घेताना तोच अर्धा मीटर छळतो. काकांची मान आता पूर्ण वळत नाही, म्हणून मागचा कॅमेरा त्यांनी आवश्यक मानला आणि सरकती काच अनावश्यक.

डावा गुडघा दुखतो म्हणून क्लचविरहित गाडी हवी होती. त्यातही प्रकार आहेत. साध्या गिअरपेटीवरच यंत्राकरवी क्लच चालवणारा एएमटी प्रकार स्वस्त असतो, पण संथ गर्दीत गिअर बदलताना हलकासा हिसका देतो. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर अधिक मऊ चालतो. दुखऱ्या मानेला हा फरक कळतो. मात्र जन्मभर क्लच दाबलेल्या माणसाने अशी गाडी एकदम रस्त्यावर काढू नये. घाईत ब्रेकऐवजी दुसरे पेडल दाबले जाण्याचा धोका वाढत्या वयात खरा असतो. काकांनी दोन आठवडे रोज सकाळी मोकळ्या मैदानात सराव केला, उजवा पाय एकटाच वापरायची सवय लावून घेतली आणि मगच गाडी गर्दीत नेली.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. गाडीला मिळालेले तारे पाहताना मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगळे असतात, हे ध्यानात ठेवावे. २०२४ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नव्या डिझायरला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. नातवंडे सुटीत येणार असतील तर मुलांच्या आसनाची आयसोफिक्स कडी मागे आहे ना, हे बालरोगतज्ज्ञ म्हणून आवर्जून सांगते. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. बुटक्या चालकाने आसन फार पुढे ओढू नये. छाती आणि सुकाणूचक्र यांत २५ सेंटीमीटर अंतर राहावे, म्हणजे एअरबॅग उघडली तर ती इजा न करता वाचवते.

एवढे झाल्यावर गाडी ठरली. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्याच्या गुडघ्याच्या मापाने निवडलेली गाडी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

आता दुसऱ्या चुकीकडे वळते. तिच्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

गाडीची आगाऊ रक्कम भरायच्या आदल्या दिवशी काका माझ्या दवाखान्यात आले. हातात गाडीचे माहितीपत्रक आणि त्याखाली एक कागद. ‘परवान्याचं नूतनीकरण आहे. एवढी सही कर.’ तो नमुना १-अ होता, म्हणजे वाहनचालकाच्या शारीरिक पात्रतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. २०२१ साली काकांनी असाच कागद आणला होता, आणि मी चहाचा कप खाली न ठेवता त्यावर सही केली होती. दृष्टी, श्रवण, रंगांचे ज्ञान, हातापायांची क्षमता, सर्व रकान्यांत ‘योग्य’. तपासले काहीच नव्हते. काकाच ते, त्यांना काय तपासायचे?

या वेळी हात अडखळला. दिवाळीत संध्याकाळच्या वेळी त्यांच्या जुन्या गाडीचा आरसा फाटकाच्या खांबाला घासला होता. काकूंनी एकदा हळूच सांगितले होते, की रात्री समोरून दिवे आले की हे गाडी जवळजवळ थांबवतात. मी तो कागद पुन्हा वाचला. त्यात एक साधा प्रश्न आहे. भरदिवसा २५ मीटर अंतरावरून या व्यक्तीला मोटारीच्या पाटीवरील क्रमांक ओळखता येतो का? मी काकांना म्हटले, ‘चला, बाहेर जाऊ.’

दवाखान्यासमोर एक गाडी उभी होती. काकांच्याच टेपने, पाच-पाच मीटर करत आम्ही अंतर मोजले. ऊन लख्ख होते. काकांनी चष्मा पुसला, पाहिले, पुन्हा पुसला. राज्याची अक्षरे वाचली. शेवटचे चार आकडे त्यांनी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा वेगळे वाचले. मग हळूहळू टेप गुंडाळत त्यांनी विचारले, ‘पाच वर्षांपूर्वी का नाही वाचायला लावलंस?’

त्यांच्या स्वरात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. त्या पाच वर्षांत काही विपरीत घडले नाही, हे आमचे नशीब. त्यात माझे काहीही कर्तृत्व नाही. मी मुलांची डॉक्टर. शाळा सुटण्याच्या वेळी रस्ता ओलांडणारी जी मुले माझ्याकडे खोकल्याला येतात, त्यांच्या समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाला ‘योग्य’ ठरवणारी सहीही माझीच होती.

नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. काचबिंदू नाही, दृष्टीचे क्षेत्र चांगले. तीन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. त्याच जागी, त्याच अंतरावरून काकांनी पाटी घडाघडा वाचली, शिवाय तिच्यावरचा विक्रेत्याचा पत्ताही. प्रमाणपत्रावर सही मी केली नाही. नात्यातील माणसाच्या कागदावर आपण सही करू नये, असे आता मी ठरवले आहे. एका फिजिशियन मित्राने काकांचा रक्तदाब बसून आणि उभ्याने पाहिला, तळपायांची संवेदना पाहिली, मान किती वळते ते पाहिले आणि औषधांची यादी मागवली. त्या यादीत सर्दीसाठी काका अधूनमधून स्वतःच घेत असलेली, झोप आणणारी एक गोळी निघाली. ती बंद करून मगच सही झाली.

पुढचा निर्णय काकांनी स्वतः घेतला आणि आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवला. अंधार पडल्यावर चालवायचे नाही, महामार्गावर चालवायचे नाही, नाशिकसाठी चालक घ्यायचा आणि दरवर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात डोळे तपासायचे. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी वय वय असते. साठीच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत तरुण डोळ्याच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो, हे मी त्यांना सांगितले होते. त्यापुढचे गणित त्यांनीच मांडले.

या प्रसंगाला दोन सोपे शेवट होते आणि दोन्ही घरोघरी होतात. एक म्हणजे प्रेमापोटी सही करून टाकायची. दुसरा म्हणजे काळजीपोटी एके दिवशी किल्ली काढून घ्यायची. पहिल्यात दुसऱ्यांचा जीव धोक्यात येतो. दुसऱ्यात माणूस घरात कोंडला जातो. गाडी चालवणे सुटलेल्या वृद्धांमध्ये खिन्नता वाढते, असे संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. ज्यांची मुले दूरदेशी आहेत अशा आपल्या समाजातील जोडप्यांना तर गाडी म्हणजे भाजी, औषध आणि चार माणसांत जाणे, हे सारेच असते. या दोन टोकांच्या मधला मार्ग तपासणीचा आहे, आणि ती तपासणी आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.

काही काकांचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल, फेफरे येत असेल, दृष्टीचे क्षेत्र आकुंचित झाले असेल. तिथे स्पष्टपणे ‘नाही’ म्हणावे लागेल. पण ते म्हणताना पर्यायही हातात द्यावा: आठवड्यातून दोन दिवस चालक, ओळखीचा रिक्षावाला, व्याख्यानाला जाताना शेजाऱ्यांच्या गाडीत एक जागा. औषध बंद करताना आपण दुसरे लिहून देतो, तसेच हे आहे.

म्हणून आपल्या संस्थेपुढे एक छोटी सूचना ठेवते. मधुमेह आणि रक्तदाबाची शिबिरे आपण वर्षानुवर्षे घेतो. वर्षातून एका रविवारी साठीच्या पुढील वाहनचालकांची तपासणी ठेवावी. नेत्रतज्ज्ञ, फिजिशियन, अस्थितज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ, असे चौघे पुरेत. पाटी वाचणे, मान वळवणे, ऐकणे, पायांची संवेदना, औषधांची यादी; एका माणसाला अर्धा तासही लागणार नाही. सोबत एखादी उभी गाडी ठेवावी आणि आधी बसावे, मग पाय आत घ्यावेत, ही रीत दाखवावी. प्रमाणपत्रे वाटणे हा उद्देश नसावा. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांचे आणि गुडघ्यांचे खरे माप घरी न्यावे, इतकेच.

गुढीपाडव्याला सकाळी काकांची गाडी फाटकापाशी आली. काकूंनी ओवाळले, पाठ फिरवली, बसल्या आणि दोन्ही पाय आत घेतले. कोणी हात दिला नाही, त्यांनी मागितला नाही. मी पुढे बसले. काकांनी खजराण्याच्या गणपतीपर्यंत गाडी नेली आणि ऊन उतरण्यापूर्वी परत आणली. ती पोलादी टेप आता त्यांच्या गाडीच्या खणात असते. परवा एका शेजाऱ्यांनी नवी गाडी घ्यायचे ठरवले, तेव्हा काका टेप घेऊन त्यांच्याकडे गेले आणि आधी त्यांच्या पत्नीला खुर्चीवर बसायला सांगितले, असे कळले.

मित्रहो, पुढच्या वेळी एखादे काका, मामा किंवा जुने शिक्षक नमुना १-अ घेऊन तुमच्यासमोर आले, तर चहा अवश्य पाजा. त्यानंतर त्यांना घेऊन पंचवीस मीटर बाहेर चालत जा.